पुष्पकच्या डाव्या सीटवर

११ जानेवारी २०२३, सांगली

शिवणक्लास बंद केला तेव्हा मापांच्या तीन कोऱ्या वह्या उरल्या होत्या. त्यातली ही एक. छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहिते आहे.

आज भरतेश पेठनाक्यावरच्या एका हॉटेलवाल्याला घेऊन मार्केट यार्डातल्या आमच्या गोडाऊनला आला. मेअखेर गोडाऊन रिकामं करून द्यायचं आहे. हळदीची पोती हलली की मागे विमान उघडं पडतं. पंख काढून भिंतीला टेकवलेले, धड ताडपत्रीखाली. माझ्या यजमानांनी, धनपाल मगदूमांनी, एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबकडून हे पुष्पक विमान आणलं त्याला सव्वीस वर्षं झाली. दोन माणसांचं, कापडी अंगाचं, साठ वर्षांपूर्वी बंगळुरात बनलेलं. तरुणपणी ते याच जातीच्या विमानावर शिकले होते. "पुढच्या वर्षी उभं करतो," असं दर दिवाळीला म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी तेच गेले.

हॉटेलवाला पंखावर हात फिरवत म्हणाला, "खांबावर चढवू. खाली लायटिंग करू. लेकरं फोटो काढतील."

मी म्हणाले, "आधी ते उडतं का बघायचंय मला."

असं का बोलले, माहीत नाही. त्या क्षणापर्यंत डोक्यात तसं काही नव्हतं.

परत येताना गाडीत भरतेश म्हणाला, "आई, उडवणार कोण?"

"मिळेल कुणीतरी. बाबांची इच्छा होती, ती पुरी करायची. तेवढंच माझं काम."

त्यानं गाडीतला रेडिओ लावला. परक्या माणसासमोर माझी लाज वाटली असणार त्याला.

१९ जानेवारी

कडेगावचे नाथाजी येऊन गेले. वायुदलात बावीस वर्षं विमानांची अंगं दुरुस्त केली, नंतर परवाना काढून फ्लाइंग क्लबात नोकरी केली, आता ऊस करतात. माणूस हुशार आहे पण अंमळ गर्विष्ठ वाटला. मी विचारलं, "किती महिने लागतील?" तर म्हणाले, "व्हय, कडेगावातच ऱ्हातो." दुसऱ्यांदा विचारलं तर उत्तरच नाही. बायकांच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, असं असावं.

दोन तास ते विमानाखाली होते. बाहेर आले तेव्हा केसांत हळद.

"वहिनी, सांगाडा नामी हाय. हळदीनं किडामुंगी लागू दिली न्हाई. इंजिन उघडाय लागंल. पंखाचं मातर कापड काडल्याबगार बोलत न्हाई."

"म्हणजे उडेल?"

हे मात्र त्यांना ऐकू आलं. "उडंल," म्हणाले.

६ मार्च

विमान कडेगावला नाथाजींच्या शेडात हलवलं. शेडात त्यांच्या दोन म्हशी होत्या, त्या आता चिंचेखाली. त्यांच्या घरच्या सुलाबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हशी पाहुण्यासाठी बाहेर काढायच्या आणि पाहुणा कोण, तर हे.

ट्रकमागे भरतेश स्वतः गाडी घेऊन आला. दोर सैल झाला म्हणून तीनदा ट्रक थांबवायला लावला. मी म्हणाले, "इतकी कटकट वाटते तर येऊ नकोस." तो म्हणाला, "मला इकडं कामच होतं."

२२ जून

आज मोठा धक्का बसला. सविस्तर लिहिते.

पंखाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन लाकडी तुळया असतात. सगळा भार त्यांच्यावर. जुनं कापड उतरवल्यावर त्या वरून स्वच्छ दिसल्या. नाथाजींनी लहान हातोडीनं ठोकत ठोकत सगळी तुळई पाहिली आणि हातोडी खाली ठेवली.

मग म्हणाले, "वहिनी, एक खरं सांगू का. बावीस वर्सं इंजिनाच्या शेजारी काडली. मला बारीक आवाज ऐकू येत न्हाई. तुमी बोलता त्यातलं निम्मं मी ओठावरनं वळकतो. लाकूड पोकळ बोलतंय का भरीव, ते मला कळंना. आन् कळत न्हाई त्याच्यावर मी सही करणार न्हाई."

पाच महिने मी या माणसाला गर्विष्ठ समजत होते.

त्यांनीच मार्ग सुचवला. मिरजेला तंबोरे करणारे हमीद मिस्त्री यांना मी ओळखते, त्यांच्या दोन्ही मुली माझ्या क्लासला होत्या. दुपारी गाडी पाठवून त्यांना आणलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि बोटाच्या पेरानं टकटक करत तुळईच्या कडेनं चालत गेले. उजव्या पंखापाशी थांबले. मागे आले. पुन्हा तिथंच थांबले.

"ही वरची फळी आतून सुटलीय, ताई. आणि हिच्याखाली लाकूड चिरलंय."

नाथाजींनी फळी उचकटली. खाली केसासारखी चीर, वीतभर लांब. बरोबर त्या जागी, जिथं पंखाचा आधार बोल्टानं जोडतात.

"हवेत गेल्यावर मोडलं असतं?" मी विचारलं. या वेळी त्यांच्याकडे तोंड करून.

"मोडलं आसतं," नाथाजी म्हणाले.

४ सप्टेंबर

तुळईला लागणारं लाकूड आपल्याकडे होत नाही. परदेशातून यायचं आहे आणि कधी येईल कुणी सांगत नाही. भरतेशनं आज पुन्हा हॉटेलचा विषय काढला. खांबावर चढवायला तुळई चिरलेली चालते, हे त्याचं म्हणणं बरोबर आहे.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं आहे. छप्पन्न वर्षांच्या बाईनं म्हशींच्या शेडात बसून काय चालवलंय हे? ह्यांना तरी आवडलं असतं का? चोवीस वर्षांत त्यांनी स्वतः एक बोल्ट सोडवला नाही.

भरतेशला सांगितलं, लाकूड येईपर्यंत थांब. तो म्हणाला, "आणि त्याच्यानंतर?" मी पापड लाटायला बसले.

९ जानेवारी २०२४

लाकूड आलं. पांढरट, हलकं, सरळ रेषांचं. हमीद मिस्त्रींनी त्याचा वास घेतला आणि म्हणाले, "याचा तंबोरा होणार नाही, पण गोड लाकूड आहे." ते आणि नाथाजी मिळून तुळई करणार. मोजमाप नाथाजींचं, कान मिस्त्रींचा. सुलाबाईंनी तिघांना चहा दिला. मला पहिल्यांदा साखर विचारली.

१७ एप्रिल

आजपासून काम माझं.

कापड सांगाड्यावर चढवायचं, कडा चिकटवायच्या आणि गरम इस्त्री फिरवून ताणायचं. इस्त्री ठरावीक उष्णतेचीच, कमीजास्त झाली तर सांगाडाच वाकतो. नाथाजी समजावू लागले तेव्हा मी म्हणाले, "नाथाजी, तीस वर्षं मी पोरींना हेच शिकवलंय." कापड सुरकुतीवरून हळूहळू आवळत गेलं आणि शेवटी डफासारखं झालं. टिचकी मारली तर वाजलं.

मग शिवण. हातभर लांबीची सुई, मेण लावलेला दोरा. मी वरून सुई खुपसते, पंखाखाली बसलेले नाथाजी ती ओढून परत वर पाठवतात. दर अडीच इंचाला एक गाठ. एकमेकांचं तोंड दिसत नाही, त्यामुळे बोलून उपयोग नाही. सुई परत आली की समजायचं, समोरचा माणूस जागेवर आहे.

एका पंखाला दोनशेच्या वर गाठी. आज एकोणऐंशी झाल्या. बोटं सुजली आहेत. फार दिवसांनी इतकी भूक लागली.

२६ ऑगस्ट

इंजिन चालू झालं.

याला बटण नाही, पुढचा पंखा हातानं फिरवावा लागतो. नाथाजींनी आठ वेळा फिरवला. नवव्या वेळी धूर, दहाव्या वेळी नव्वद घोडे एकदम जागे झाले. चिंचेखालच्या म्हशी दावं तोडून उसात गेल्या. आत बसून इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा दट्ट्या धरायचं काम माझ्याकडे होतं. सगळं विमान अंगाखाली थरथरत होतं. नाथाजींनी बंद करायची खूण केली, ती मी जरा उशिरा पाहिली. त्यांनी दोनदा केली होती म्हणे.

भरतेश आला होता. नाथाजींना विचारत होता, हे वर गेल्यावर बंद पडलं तर काय होतं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नाथाजी म्हणाले, "बंद पडलं तर घारीवानी तरंगत खाली येतंय. दगड न्हाई ते." भरतेशला पटलेलं दिसलं नाही. त्याला कशातलंच काही पटत नाही.

१४ डिसेंबर, कराड

सगळ्या तपासण्या झाल्या, कागद आले, आणि आज सकाळी कराडच्या धावपट्टीवरून ते उडालं.

उडवलं साताऱ्याच्या कर्नल तानाजीसाहेबांनी, चालकाच्या डाव्या सीटवर बसून. सैन्यात हेलिकॉप्टर चालवायचे, आता विमान शिकवतात. पोरसवदा वयात पुष्पकवरच शिकले होते. अडुसष्ट वर्षांचे आहेत, चढताना गुडघा धरून चढले. विमान थोडं पळालं, शेपूट उचललं आणि मग जमिनीनं त्याला सोडलंच. मी रडले नाही. सुलाबाई रडल्या.

आगाशिवाच्या डोंगराकडे वळताना ते मला जरा वेगळं दिसलं. नाथाजींच्या दंडाला हात लावून त्यांच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, "उजवा पंख जड चाललाय का हो?"

वीस मिनिटांनी उतरल्यावर कर्नलसाहेबांचं पहिलं वाक्य होतं, "सुरेख. फक्त उजवा पंख थोडा जड आहे."

नाथाजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्यांनी सांगितलं मगाशीच. खालनं बघून."

कर्नलसाहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. काय झालं कुणास ठाऊक, हातातला चहासुद्धा प्यायले नाहीत.

असो. ह्यांची इच्छा पुरी झाली. माझं काम संपलं.

१७ डिसेंबर

काम संपलं तरी कराडला जाऊन आले. पंखांवर दव पडतं, ते पुसायला.

मी कर्नलसाहेबांना विचारलं, एकदा शेजारी बसवून फिरवाल का. ते म्हणाले, "गुणमालाताई, नियमाची अडचण आहे. या विमानात बसायचं तर विद्यार्थी म्हणून नाव घालावं लागतं. डॉक्टरी तपासणी, तोंडी परीक्षा, सगळं." एका फेरीसाठी एवढा खटाटोप. पण नियमापुढे काय करणार. नाथाजी खाली बघून हसत होते. हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही.

२३ जानेवारी २०२५

तपासणीत पास झाले. चष्मा चालतो. तोंडी परीक्षेत ढगांची सगळी नावं सांगितली.

आज पहिली फेरी. कर्नलसाहेब म्हणाले, "तुम्ही डावीकडं बसा, उजवीकडचं दार कुरकुरतं." वर गेल्यावर त्यांचा खांदा दुखू लागला, म्हणून विमान वळवायचा दांडा थोडा वेळ मला धरायला सांगितला. उतरल्यावर घड्याळ पाहिलं तर पस्तीस मिनिटं मीच धरला होता. खांद्याला औषध घ्या म्हणून मी त्यांना सांगितलं.

खाली कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन एक होतात. जमिनीवरून ते शंभर वेळा पाहिलंय. वरून दिसतं की कोयनेचं पाणी कितीतरी वेळ आपल्याच कडेनं चालतं.

३० जानेवारी

सोमवार, गुरुवार, शनिवार सकाळी कराड. भरतेशलाही नेमकी त्याच दिवशी कराडच्या व्यापाऱ्यांकडे कामं निघतात. गाडी धावपट्टीच्या कुंपणाशी लावतो आणि आतच बसून राहतो. व्यापारी तिथं कसे येतात देव जाणे.

कर्नलसाहेबांचा खांदा काही बरा होत नाही. आता विमान उतरवायलाही मलाच सांगतात.

६ फेब्रुवारी

लिहू नये असं वाटत होतं. पण वही खोटी कशाला ठेवू.

आज उतरताना बाजूचा वारा आला. चाकं टेकली, मी समजले झालं, आणि शेपटीच्या सुकाणूवरचे पाय सैल सोडले. या विमानाचं तिसरं चाक शेपटीला असतं, थांबेपर्यंत पाय सोडायचे नसतात. शेपूट एकदम पुढं यायला निघालं. सगळं गरकन फिरलं आणि डाव्या पंखाचं टोक जमिनीला घासत गेलं.

"माझे पाय उशिरा पोचले," कर्नलसाहेब म्हणाले. त्यांनी दोष स्वतःवर घेतला. दोष माझा.

कुणालाही लागलं नाही. भरतेश कुंपणावरून उडी मारून धावत आला. शंभर किलोचा माणूस, शर्ट फाटलेला, आणि हातात आग विझवायचा लाल सिलिंडर. व्यापाऱ्यांकडे निघालेल्या माणसाकडे सिलिंडर कशाला? यार्डात द्यायचा असेल.

"पुरे झालं आता, आई," तो म्हणाला. "बाबांची इच्छा होती ना? झाली ना ती पुरी?"

तो म्हणत होता ते खरं होतं. ती डिसेंबरातच पुरी झाली.

मग मला एवढं का लागलंय?

१० फेब्रुवारी

चार दिवस घरात होते. कपाट आवरलं. लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या. वरून एक विमान गेलं, खूप उंचावरून, मुंबईकडचं असेल. हातातली बरणी तशीच धरून ते दिसेनासं होईपर्यंत मी अंगणात उभी होते.

आज सकाळी भरतेशला चहा दिला आणि म्हणाले, "बस. तुला एक सांगायचंय. मी दोन वर्षं तुझ्याशी खोटं बोलले. माझ्याशीही बोलले. हे बाबांसाठी नव्हतं. सुरुवातीला असेल. आता नाही. मला उडायचंय."

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "मला माहीत आहे."

"कधीपासून?"

"गोडाऊनमध्ये तू त्या हॉटेलवाल्याचा हात पंखावरून काढलास तेव्हापासून."

मी हात काढला होता? मला आठवत नाही. वहीत बघितलं, तिथंही लिहिलेलं नाही.

"मी एकटाच उरलोय आई," तो म्हणाला. "बाबा गेले. तुला काही झालं तर..."

मूर्ख मी. लाज, लाज म्हणत बसले. त्याच्या गाडीच्या डिकीत एक नाही, असे दोन सिलिंडर आहेत. आणि प्रथमोपचाराची पेटी. आणि घोंगडी.

दुपारी कराडला गेले. फाटलेल्या टोकावर ठिगळ मीच शिवलं. पंखाखाली सुई परत पाठवायला नाथाजी नव्हते, भरतेश बसला. त्याची गाठ चांगली येत नाही. तीन उसवून परत घातल्या.

१३ मार्च

पाय आता ऐकतात. गेल्या आठवड्यात चव्वेचाळीस वेळा उतरले. नाथाजी धावपट्टीच्या कडेला खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येक वेळी बोटांनी मार्क देतात. पाचपैकी पाच अजून दिलेले नाहीत.

२० मार्च

सात वाजता तीन फेऱ्या केल्या. वारा पडलेला. तिसऱ्या फेरीनंतर कर्नलसाहेबांनी दार उघडलं, आपली उशी काखेत मारली आणि गुडघा धरून खाली उतरले.

"तुमचा खांदा?" मी म्हणाले.

"खांदा पहिल्यापासून ठणठणीत आहे. जा आता. एक फेरी. घाई करू नका." दार लावून ते पाठ फिरवून चालायला लागले.

शेजारची सीट रिकामी. पट्टा बांधून ठेवला. समोरच्या काट्यांचे सगळे आकडे मोठ्यानं म्हटले, ऐकायला कुणी नव्हतं तरी. दट्ट्या पुढं ढकलला. एका माणसाचं वजन कमी झालं की पुष्पक काय करतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तयार व्हायच्या आत ते वर होतं.

वर गेल्यावर भीती वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. मी मोठ्यानं हसत होते, आणि ते हसू इंजिनापेक्षा मला जास्त ऐकू येत होतं. डावीकडे आगाशिव, खाली ऊस, कारखान्याच्या धुराड्याचा धूर सरळ उभा. धूर सरळ म्हणजे वारा नाही. हे सगळं मी बघितलं, मी ठरवलं, मी वळवलं.

उतरताना उंच आले. चाकं आपटली आणि विमान परत उडालं. दाबून बसवता आलं असतं. नाही बसवलं. पूर्ण जोर देऊन पुन्हा वर गेले. खाली भरतेश दोन्ही हात डोक्यावर धरून उभा दिसला. सावकाश पुन्हा वळसा घेतला. या वेळी वेग नेमका, नाक नेमकं. जमीन वर येत राहिली, मी थांबले, आणखी थांबले, आणि तिन्ही चाकं एकाच वेळी टेकली. आवाजसुद्धा झाला नाही. पाय सोडले नाहीत. पार थांबेपर्यंत सोडले नाहीत.

इंजिन बंद केल्यावर खूप शांत झालं. नाथाजी खुर्चीवरून उठून उभे होते, उजवा हात वर, पाची बोटं ताठ. कर्नलसाहेबांनी सलाम केला, मस्करीतला नाही. सुलाबाईंनी चाकावर पाणी ओतलं आणि मग माझ्या पायावर.

भरतेश सगळ्यांत शेवटी आला. सिलिंडर गाडीतच होता. पंखाला टेकून उभा राहिला. ठिगळावरून अंगठा फिरवत म्हणाला, "आई, या दुसऱ्या सीटवर बसायला काय लागतं?"

"आधी माझा पूर्ण परवाना. त्याला वेळ आहे अजून. आणि तुझं वजन बारा किलोनं कमी."

"बारा?"

"नाथाजींना विचार. ते हिशोबाला पक्के आहेत."

त्यानं विचारलं. नाथाजी त्याच्याकडे आपादमस्तक बघून म्हणाले, "पंधरा धर."

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही दोघं जेवायला बसलो. भरतेशनं एकच भाकरी घेतली आणि तुपाची वाटी स्वतःच्या हातानं माझ्याकडे सरकवली.